चिल्पिक ते डुंगरवाडी

बेरुनी गावाहून नुकूसकडे निघालं की बराच वेळ कापसाची शेतं सोबत करतात. मग ती विरळ होत जातात. उजव्या हाताला किझिलकुमचं वाळवंट आणि डाव्या हाताला अमुदर्या नदी, गढूळ, रुंद, घाई नसलेली. नुकूस पंचेचाळीसेक किलोमीटर उरलं असताना नदीच्या बाजूला एक एकटी टेकडी दिसते. माथा सपाट, आणि त्या माथ्यावर कुणी मातीचं कडं ठेवावं तशी गोल भिंत. हा चिल्पिक. काराकल्पाकस्तान हे उझबेकिस्तानातलं स्वायत्त प्रजासत्ताक, आणि त्याच्या राजचिन्हावर याच टेकडीचं चित्र आहे.

आम्ही दोघी मैत्रिणी खिव्याहून सकाळीच निघालो होतो. ती मुंबईची पारशी, ताडदेवच्या वसाहतीत वाढलेली. गाडी पायथ्याशी थांबली. चढ फार नाही, पण माती भुसभुशीत, पाय मागे घसरत होता. वर पोचलो तेव्हा भिंतीला पडलेल्या खिंडारापाशी ती थांबली. ओढणी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, “तू जा आत. मी इथेच थांबते.”

“इथे आता काहीच नाहीये गं.”

“ठाऊक आहे. तरी दख्मा आहे तो. आम्ही आत नाही जात.”

मी आत गेले. सुमारे पासष्ट मीटर व्यासाचं मोकळं रिंगण. भिंत काही ठिकाणी खूप उंच, काही ठिकाणी पावसावाऱ्यानं झिजून बुटकी झालेली. मधोमध एका खांबाला रंगीत चिंध्यांच्या गाठी मारलेल्या. आसपास लहानलहान दगडांच्या उतरंडी. आता इथे येणारी माणसं मुसलमान आहेत. इथला जुना झरथुष्ट्री धर्म जाऊन हजार वर्षं उलटली, पण नवस बोलायला ती अजून याच टेकडीवर येतात. खिंडारातून बाहेर मैत्रीण दिसत होती, डोळे मिटून उभी. अमुदर्याकाठच्या या पडक्या भिंतीत आणि मुंबईतल्या केम्प्स कॉर्नरच्या गर्द झाडीत, म्हणजे पारशी जिथे आपले मृतदेह पक्ष्यांसमोर ठेवतात त्या डुंगरवाडीत, एकच नियम चालतो, हे त्या क्षणी मला पहिल्यांदा खरोखर कळलं. तिथपासून या वास्तूचा माग काढायचं डोक्यात बसलं.

सुरुवात शब्दापासून करावी लागते, कारण ‘दख्मा’ या शब्दाची गंमत अशी की तो उलटा फिरला आहे. अवेस्ता भाषेतला हा शब्द. बऱ्याच भाषाअभ्यासकांच्या मते त्याचं मूळ ‘पुरणे’ या अर्थाच्या धातूत आहे, म्हणजे आरंभी दख्मा याचा अर्थ थडगं. आणि झरथुष्ट्री धर्माच्या ‘वेंदिदाद’ या नियमग्रंथात थडग्यांचा तिटकारा आहे. जिथे अशी थडगी दाटीनं उभी असतात तिथे भूमी दुःखी होते, आणि जो ती पाडून जमीन सपाट करतो त्याला पुण्य लागतं, असं तिथे सांगितलं आहे. ज्या शब्दानं एकेकाळी निषिद्ध गोष्ट दाखवली, तोच पुढे सर्वांत शास्त्रोक्त जागेचं नाव झाला.

मग मृतदेहाचं करायचं काय? वेंदिदादचं उत्तर स्वच्छ आहे. प्राण गेला की देहावर ‘नसु’ ही कुजवणारी शक्ती उतरते. तिचा विटाळ मातीला, पाण्याला, आगीला लागू द्यायचा नाही, कारण ही अहुर मझ्दाची पवित्र निर्मिती. म्हणून देह उंचवट्यावर न्यावा, जिथे कुत्र्यांना आणि पक्ष्यांना तो हमखास सापडेल. पाय आणि केस धातूनं, दगडानं किंवा शिंगानं जखडून ठेवावेत, म्हणजे हाडं ओढून कुणी पाण्यात किंवा झाडांत नेणार नाही. या सूचनांमध्ये इमारतीचा पत्ताच नाही. उंच जागा, ऊन आणि भुकेले जीव, एवढ्यावर सगळं भागतं.

कुत्र्याला या विधीत आजही मान आहे. अंत्यविधीत मृताच्या चेहऱ्यावर कुत्र्याची नजर पाडतात. त्याला ‘सगदीद’ म्हणतात: सग म्हणजे कुत्रा, दीद म्हणजे पाहणं. हा कुत्रा ‘चार डोळ्यांचा’ असावा, म्हणजे डोळ्यांवर दोन ठिपके असलेला. ऋग्वेदातल्या यमाचे दोन कुत्रेही चार डोळ्यांचेच आहेत. इराणी आणि भारतीय आर्य वेगळे होण्याआधी मरणाच्या वाटेवर कुत्रा राखण करतो ही समजूत दोघांची एकच होती, त्याची ही खूण.

परक्या माणसानं लिहून ठेवलेला पहिला दाखला इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला, ग्रीक इतिहासकार हिरोडोटसचा. मागी पुरोहित कुत्र्यानं किंवा पक्ष्यानं फाडल्याशिवाय प्रेत पुरत नाहीत, हे आपल्याला नक्की ठाऊक आहे, असं तो सांगतो. बाकीचे इराणी मात्र प्रेताला मेण फासून पुरतात, असंही नोंदवतो. म्हणजे तेव्हा सगळ्यांची रीत एक नव्हती. खुद्द सम्राटांचं पाहा. सायरसची कबर पासरगादला दगडी चौथऱ्यांवर उभी आहे. दारियस पहिला नक्श-ए-रुस्तमच्या कड्यात, जमिनीपासून खूप उंच कोरलेल्या दालनात विसावला. त्यांचे देह पक्ष्यांना दिले गेले नाहीत. तरीही मेण काय, दगड काय किंवा उंच कडा काय, माती आणि देह यांच्यामध्ये काहीतरी आडवं घालण्याची धडपड सगळीकडे आहे.

पक्ष्यांचं काम झाल्यावर हाडं उरतात. ती जमवून ठेवायची जागा म्हणजे ‘अस्तोदान’. मराठी माणसाला या शब्दासाठी कोश उघडावा लागत नाही. अस्त म्हणजे आपली अस्थी. आणि ‘दान’ म्हणजे ठेवण्याचं भांडं, जे फारसीतून येऊन आपल्या अत्तरदाणीत, गुलाबदाणीत आणि पिकदाणीत बसलं आहे. इराणात खडकात कोरलेले लहान कोनाडे अस्तोदान म्हणून वापरले जात. मध्य आशियात, म्हणजे सोग्द आणि चिल्पिक ज्यात येतो तो ख्वारझम या प्रदेशांत, त्याच्या मातीच्या पेट्या झाल्या.

म्हणूनच चिल्पिक पाहायचा तो नुकूसच्या संग्रहालयासोबत. इगोर साविट्स्की यांनी १९६६ मध्ये उभारलेलं हे संग्रहालय जगाला माहीत आहे ते सोव्हिएत काळात दडपलेल्या चित्रांसाठी. पण तिथे ख्वारझमच्या उत्खननांतल्या वस्तूही आहेत. नुकूसजवळच्या तोक-कला इथे सातव्या-आठव्या शतकांतल्या अस्थिपेट्यांचा मोठा साठा मिळाला. पेट्यांवर ख्वारझमी लिपीत मजकूर आहे आणि काहींवर रंगवलेले शोकप्रसंग. माणसं मृताभोवती जमलेली, हात डोक्याकडे गेलेले, केस ओढणारी. झरथुष्ट्री ग्रंथ फार रडू नका म्हणतात. अर्दा विराफच्या परलोकयात्रेच्या कथेत तर मागे राहिलेल्यांच्या आसवांची नदी होते आणि मृतात्म्याला ती ओलांडता येत नाही. तरी ख्वारझमची माणसं रडली, आणि त्यांनी ते रडणं पेटीवर रंगवूनही ठेवलं. मैत्रीण त्या चित्रांपुढे बराच वेळ उभी होती.

या रीतीचं चालतं रूप सातव्या शतकाच्या आरंभी वेई जिए या चिनी दूतानं टिपलं. सोग्दमधल्या समरकंदबाहेर वेगळ्या आवारात दोनशेच्या आसपास कुटुंबं राहत. मृतांचं काम हाच त्यांचा व्यवसाय. त्यांनी कुत्रे पाळलेले असत. मांस कुत्र्यांनी खाल्लं की हाडं गोळा करून शवपेटीशिवाय पुरली जात. म्हणजे देह सोपवण्याचं काम करणारा स्वतंत्र समाजगट तेव्हाच तयार झाला होता. मुंबईतले ‘नसेसालार’ आणि ‘खांधिया’ त्याच कामाचे वारस. खांधिया या शब्दात आपला खांदा सरळ ऐकू येतो. समाजाची सर्वांत जड जबाबदारी पेलणाऱ्या या माणसांना विटाळाच्या कल्पनेपायी पिढ्यान् पिढ्या वेगळं ठेवलं गेलं. दख्म्याच्या इतिहासातलं हे दुखरं पान झाकून चालणार नाही.

ख्वारझमच्या काथ या जुन्या राजधानीत ९७३ मध्ये अल्-बिरूनी जन्मला. तेच आजचं बेरुनी, गावाला नाव त्याचंच. भारतावर अजोड ग्रंथ लिहिणाऱ्या या पंडितानं आपल्या मायभूमीच्या जुन्या सणांचीही नोंद केली. वर्षाच्या अखेरच्या दिवसांत ख्वारझमचे लोक मृतांच्या जागी अन्न ठेवत, असं तो लिहितो. पारशी घरांत आजही वर्षाअखेर ‘मुक्ताद’ पाळतात, पितरांसाठी फुलं आणि प्रार्थना मांडतात. आपल्या पितृपक्षाशी त्याचं नातं सांगायला नको. ७१२ मध्ये कुतैबा इब्न मुस्लिमच्या अरब फौजांनी ख्वारझम जिंकला तेव्हा जुनी लिपी आणि परंपरा जाणणारी माणसं कशी नाहीशी झाली, हेही बिरूनीनंच दुःखानं लिहून ठेवलं आहे. अस्थिपेट्या पुढे बंद झाल्या. टेकडीवरचं कडं तेवढं उरलं.

इराणच्या पठारावर, उंच भिंतींच्या गोल दख्म्यांचे दाखले प्रामुख्यानं इस्लामी राजवटीनंतरचे आहेत. ते साहजिकही वाटतं. राज्य आपलं असताना उघडा डोंगरमाथा पुरतो. शेजारी आपल्या रीतीकडे किळसेनं पाहू लागले की भिंत लागते. यज्द शहराच्या दक्षिणेला दोन टेकड्यांवर असे दोन दख्मे आजही दिसतात. खाली प्रेतयात्रेकऱ्यांसाठी कच्च्या विटांची घरं आणि पाण्याच्या टाक्या. ज्यांनी जिझिया भरत, टोमणे सोसत धर्म टिकवला त्या माणसांची ही भिंत आहे.

त्यांच्यातलेच काही त्याआधी समुद्रमार्गे गुजरातच्या किनाऱ्याला लागले होते. १६०० च्या सुमारास नवसारीच्या बहमन कैकोबाद यांनी रचलेल्या ‘किस्सा-ए-संजान’मध्ये ती आठवण आहे. ते जिथे वसले ते संजान आज गुजरातेत, पण आपल्या पालघर जिल्ह्याच्या सीमेला खेटून. संजानवर संकट आलं तेव्हा पवित्र अग्नी काही वर्षं बोर्डीजवळच्या बहरोटच्या डोंगरातल्या गुहेत लपवला होता, आणि ती गुहा महाराष्ट्रात आहे. २००२ ते २००४ या काळात संजानला उत्खनन झालं. त्यात मानवी हाडं असलेला विटांचा गोल दख्मा मिळाला. काव्यातली गोष्ट मातीतून वर आली.

गुजरात-कोकण किनाऱ्यावरच्या दख्म्याची जुनी लेखी साक्ष एका ख्रिस्ती धर्मप्रचारकाची आहे. जॉर्डनस नावाचा हा फ्रेंच साधू १३२१ मध्ये ठाण्याला होता. तिथे त्याचे चार सहकारी मारले गेले आणि त्यानं त्यांचं दफन सोपाऱ्याला केलं. पुढे लिहिलेल्या पुस्तकात तो सांगतो की या देशात अग्नीची पूजा करणारे लोक आहेत, ते मृतांना पुरत नाहीत की जाळत नाहीत. छप्पर नसलेल्या बुरुजात, आकाशातल्या पक्ष्यांसमोर ते मृतदेह उघडे ठेवतात. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचं हे वर्णन आजच्या डुंगरवाडीलाही लागू पडेल.

मूळ देशाशी धागा तुटू नये म्हणून गुजरातच्या पारशांनी १४७८ पासून जवळजवळ तीनशे वर्षं इराणच्या धर्मगुरूंना पत्रं लिहून शंका विचारल्या. त्या उत्तरांना ‘रिवायत’ म्हणतात. दख्मा कसा बांधावा, देह कसा न्यावा, हे प्रश्न त्यांत आहेत. या चर्चेतून आणि गुजरातच्या गवंड्यांच्या हातून दख्म्याचा आजचा आराखडा घडला. वरच्या उतरत्या फरशीवर एकात एक तीन वर्तुळं. त्यांतल्या प्रत्येक जागेला ‘पावी’ म्हणतात. बाहेरच्या वर्तुळात पुरुष, मधल्यात स्त्रिया, आतल्यात मुलं. मधोमध खोल विहीर, तिचं नाव ‘भंडार’. उन्हानं कोरडी झालेली हाडं त्यात जातात. पावसाचं पाणी चार वाटांनी जमिनीखालच्या चार विहिरींत उतरतं, वाटेत कोळसा आणि वाळूच्या थरांतून गाळलं जातं, म्हणजे शेवटच्या थेंबानंही माती बाटू नये. ख्वारझममध्ये ज्याची त्याची वेगळी पेटी असे. भंडारात कोट्यधीश आणि त्याचा स्वयंपाकी यांची हाडं एकत्र होतात. पारशी माणूस ही गोष्ट अभिमानानं सांगतो, आणि त्यानं ती तशीच सांगावी.

दख्मा बांधायला घेताना ‘ताना’चा विधी होतो. पारशी पंडित जीवनजी जमशेदजी मोदी यांनी त्याचं बारकाईनं वर्णन केलं आहे. आखलेल्या जागेत वेगवेगळ्या आकारांचे ३०१ खिळे ठोकतात आणि त्यांच्याभोवती १०१ धाग्यांचा सुती दोरा फिरवतात. मागावरच्या ताण्याबाण्यातला ताणाच हा. एक दगड चढण्याआधी सुतानं ती जागा उरलेल्या पृथ्वीपासून वेगळी काढली जाते. भिंत नंतर येते, सीमा आधी.

मुंबईत हे सूत पहिल्यांदा पसरलं ते सतराव्या शतकात. मोदी हिरजी वाच्छा यांनी मलबार टेकडीवर पहिला दख्मा बांधला. १६७० च्या दशकात मुंबईत आलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर टेकडीवर पारशांची नुकतीच उभारलेली वास्तू असल्याचं नोंदवतो. तेव्हा ते रान होतं. गुजराती ‘डुंगर’ म्हणजे डोंगर, त्यावरून डुंगरवाडी. पुढे शहर चहूबाजूंनी चढत वर आलं, पण पन्नासहून अधिक एकरांचं हे रान तसंच राहिलं.

‘टॉवर ऑफ सायलेन्स’ हे नाव एकोणिसाव्या शतकातलं, इंग्रजांचं. त्याचं श्रेय रॉबर्ट मर्फी या सरकारी अनुवादकाला दिलं जातं. नाव जगभर गेलं आणि त्यानं सगळं लक्ष बुरुजाकडे वळवलं. दख्मा म्हणजे एक शांत, गूढ इमारत, असं चित्र त्यामुळे रुजलं. पण गिधाडं उतरताना पंखांचा जो आवाज होई तो तिथे कुणाला खटकत नसे. काम नीट चाललं आहे, अशी ती ग्वाही होती.

मग काळ उलटा वाहिला. १८५४ मध्ये मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हाटारिया यांना इराणला पाठवलं. सुरतेकडच्या या माणसानं तिथल्या धर्मबांधवांसाठी हयात घालवली. शाळा काढल्या, अग्निमंदिरं दुरुस्त केली, दख्मे बांधले. १८८२ मध्ये जिझिया रद्द झाला, त्यामागे त्यांचाच पाठपुरावा होता. यज्दचा एक दख्मा आजही त्यांच्या नावानं ओळखतात. जी रीत निर्वासितांनी इराणहून आणली, तिची डागडुजी करायला हजार वर्षांनी त्यांचेच वंशज परत गेले.

इराणनं मात्र वेगळी वाट धरली. शहरं वाढली, वैद्यकाचं शिक्षण आलं. १९३० च्या दशकात कैखुसरो शाहरुख यांच्या पुढाकारानं तेहरानच्या झरथुष्ट्रींनी दफनभूमी केली. पुढे केरमान, मग यज्द. १९७० च्या दशकापर्यंत तिथले दख्मे थांबले. कबरींना आतून सिमेंट करतात, देह मातीला टेकू नये म्हणून. दारियसच्या कड्यापासून या सिमेंटपर्यंत विचार तोच आहे.

मुंबईत माणसांनी काही थांबवलं नव्हतं. आभाळानं साथ सोडली. १९९० च्या दशकात गिधाडं मरू लागली. २००४ मध्ये कारण सिद्ध झालं: गुराढोरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. २००६ मध्ये या औषधाचा पशुवैद्यकीय वापर बंद झाला, २०२३ मध्ये अॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवरही बंदी आली. दरम्यान डुंगरवाडीत ऊन एकवटणारी सौर यंत्रं बसली. पावसाळ्यात ती अपुरी पडतात. काही कुटुंबांनी दहन स्वीकारलं. २०१५ मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत त्यांच्यासाठी प्रार्थनागृह उघडलं. रतन टाटा यांचा अंत्यविधी २०२४ मध्ये वरळीलाच झाला.

त्या दिवशी चिल्पिकहून नुकूसला पोचेपर्यंत अंधारलं होतं. गाडीत मैत्रीण हळूहळू बोलू लागली. आजी गेली तेव्हा ती शाळेत होती. पांढऱ्या कपड्यांत, दोघं-दोघं रुमालाची टोकं धरून माणसं टेकडी चढली. याला ‘पायदस्त’ म्हणतात, आणि रुमालाच्या त्या जोडीला ‘पैवंद’. वर झाडांवर गिधाडं बसलेली तिला स्पष्ट आठवतात, माना आत घेतलेली, वाट पाहणारी. वडील गेले तोपर्यंत ती मोठी झाली होती. तोच रस्ता, तोच रुमाल. लोक दूर बसले, आतलं काम झाल्याचा इशारा मिळाला, सगळे प्रार्थनेला उठले. तिनं वर पाहिलं. घारी होत्या आणि कावळे होते.

“बाबांचं नीट झालं का, हे मला अजून कळत नाही,” ती म्हणाली.

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. चिल्पिकला भिंत उरली, पण ती ज्यांची होती ती माणसं गेली. डुंगरवाडीत भिंत आहे, माणसं आहेत, प्रार्थना आहेत, आणि पक्षी नाहीत. पुराणवस्तू शोधणाऱ्याच्या हाती भिंतच लागते, म्हणून तीच आपल्याला दख्मा वाटते. वेंदिदादला भिंत ठाऊकही नव्हती, त्याला पक्षी ठाऊक होते. दख्मा हा माणसानं पक्ष्यांशी केलेला शब्दांविना करार होता, आणि तो मोडला आपल्या बाजूनं. पारशांनी नव्हे, आपण सगळ्यांनी, गोठ्यात टोचलेल्या एका स्वस्त सुईनं.

परत आल्यावर दोन महिन्यांनी आम्ही दोघी म्हसळ्याजवळ चिरगावला गेलो. तिथल्या झाडांवर गिधाडांची घरटी आहेत, गावकरी आणि वनखातं त्यांना जपतात. बराच वेळ काही दिसलं नाही. मग डोंगराच्या कडेनं एक मोठी सावली सरकली. मैत्रिणीनं चिल्पिकच्या खिंडारात घेतली होती तशीच ओढणी डोक्यावर घेतली, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून ती वर बघत राहिली.